चाळीस सेकंदांचा पक्षी

३ ऑगस्ट, संध्याकाळ

आधी माफी मागतो. यापूर्वीची नोंद १९ फेब्रुवारीची. साडेपाच महिने एक ओळ नाही. ‘कामाचा ताण होता’ असं आत्ता लिहिलं आणि खोडलं. ताण नव्हता. वही टीव्हीखालच्या खणात होती आणि मी टीव्हीसमोर. आजपासून रोज लिहीन, आणि खरं तेवढंच लिहीन.

पोचलो. ॲडलेडहून अकराशे किलोमीटर, त्यातले शेवटचे चारशे कच्च्या रस्त्याचे. गाडीमागे ओढत आणलेल्या कॅरॅव्हॅनमधली साखर पिठात आणि पीठ माझ्या मोज्यांत.

समोर लिग्नमची दलदल. पाणी आटलंय, तारेच्या गुंतवळासारखी झुडपं मैलभर पसरली आहेत. यात कुठेतरी ग्रे ग्रासरेन आहे. चिमणीहून जरा लहान, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, शेपटी कायम वर. माझ्या यादीतला सहाशेवा पक्षी.

बायकोशी, लिनेटशी, करार असा: तो दिसला की त्याच दिवशी गाडी दक्षिणेला वळवायची, आणि तिच्या रजेचे उरलेले दिवस समुद्रावर. दातांच्या दवाखान्यात पंधरा वर्षं काढल्यावर मिळालेली सहा आठवड्यांची रजा. त्यातले तीन आठवडे आधीच्या चार पक्ष्यांत गेले. मी म्हटलं, इथे दोन दिवस पुरे. ती म्हणाली, रसेल, तू दोन दिवस म्हणालास की मी नवा स्वेटर विणायला घेते.

कॅरॅव्हॅन मागे घेताना थोडी झुडपात गेली. तशीच ठेवली. आडोसा चांगला मिळतो.

४ ऑगस्ट

पहाटे पाच ते अकरा खुर्चीत. ग्रासरेन शून्य. माश्या अगणित.

परत आलो तर लिनेट म्हणाली, पायरीखाली दोन चिमुकले पक्षी बिस्किटाचा चुरा खात होते, शेपट्या अशा उभ्या, तोंडावर पट्टे. मी शांतपणे विचारलं: पोटाचा रंग? चोचीची लांबी? तिने पाहिलं नव्हतं. फोटो? हात पिठात होते. मी समजावलं की पक्षीनिरीक्षण क्लबचा नोंद-सचिव या नात्याने अशी नोंद मला स्वीकारता येणार नाही, बायकोची तर नाहीच. बहुधा साध्या रेन पक्ष्याच्या माद्या. ती म्हणाली, बरं, मग बिस्किटं तरी खरी होती का?

५ ऑगस्ट

शून्य. झुडपांच्या पलीकडे, दोनशे पावलांवर, धूर दिसतो. कुणीतरी एकटंच मुक्कामाला आहे. इथल्या रीतीप्रमाणे बोलावल्याशिवाय गेलो नाही.

एक विचार. क्लबचा सातवा नियम (मीच लिहिलेला): पक्ष्याला बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रण वाजवू नये, त्याला उगाच त्रास होतो. नियम योग्यच आहे. पण नियमाचा हेतू पक्ष्याचं रक्षण हा, आणि जो पक्षी इथे आहे की नाही हेच माहीत नाही, त्याला त्रास कसा होईल? यावर रात्रभर प्रामाणिकपणे विचार करणार आहे.

६ ऑगस्ट, सकाळी सात

वाजवलं. स्पीकरवर, फक्त चाळीस सेकंद. क्लबच्या वेबसाइटवरचंच मुद्रण, मीच तीन वर्षांपूर्वी चढवलेलं.

आणि उत्तर आलं! समोरून, लिग्नमच्या पोटातून, बारीक धातूसारखी किणकिण. मी वाजवलं, त्याने उत्तर दिलं. सहा वेळा. चहा गुडघ्यावर सांडला, तरी हललो नाही.

लिनेटने विचारलं, दिसला? मी म्हटलं, ऐकला. ती पिशव्या भरायला उठली. मला सांगावं लागलं की आमच्या क्लबात ऐकलेलं चालतं, पण सहाशेवा मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. तत्त्व आहे. तिने पिशवीतून पोहण्याचा पोशाख काढून पुन्हा कपाटात टांगला. 

८ ऑगस्ट

कालही, आजही उत्तर. दर्शन नाही. पण दुपारी मोठी गोष्ट घडली.

पलीकडच्या मुक्कामावरून एक बाई काठी टेकत आल्या. बेरिल पॅस्को. आमच्याच क्लबच्या जुन्या सभासद, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मी त्यांना फक्त पत्रव्यवहारातून ओळखत होतो. लिनेटने माझं नाव सांगताच म्हणाल्या, पोरा, तू रसेल ना, सगळ्यांची नोंद नाकारणारा? बस खाली. मला ग्रासरेन मिळाला!

तीन सकाळी त्यांनी तो ऐकलाय. वेळ तीच, दिशा मात्र माझ्या बाजूची. त्यांचा सातशेवा. म्हणजे दोन स्वतंत्र निरीक्षक, दोन बाजू, एकच पक्षी! मी त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं की या नोंदीला माझी पुष्टी आहे. सचिवपदाच्या नऊ वर्षांत मी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. बेरिलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचे डोळे तसेही आता जात चाललेत, माणसं नुसती सावलीसारखी दिसतात. म्हणाल्या, आता मला कानांचाच भरवसा.

९ ऑगस्ट

लिनेटने सकाळी एक क्षुल्लक शंका काढली. तुझा पक्षी ओरडला की शेवटी गाय का हंबरते?

मी म्हटलं, जवळपास गुरं असतील. ती म्हणाली, या भागातून गुरं दोन वर्षांपूर्वी हलवली, फाटकावर पाटी आहे, तूच मला मोठ्याने वाचून दाखवलीस.

पक्ष्याच्या उत्तरांचं मी फोनवर केलेलं मुद्रण पुन्हा ऐकलं. पक्षी, पक्षी, पक्षी, मग अगदी लांबून गाय. सहाही वेळा. निष्कर्ष: ग्रासरेन गाईची नक्कल करतो. शास्त्राला हे अजून ठाऊक नाही. साडेतीन पानांचं टिपण लिहिलं. लिनेटला वाचून दाखवलं. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, माझ्या ताप आलेल्या भाच्याकडे बघते तशी.

१० ऑगस्ट

टिपणाला दुसरा साक्षीदार हवा म्हणून बेरिलबाईंकडे चहाला गेलो. त्यांना विचारलं, तुमच्या बाजूनेही गाय ऐकू येते का? त्या हसल्या आणि खुर्चीखालून विणलेल्या टोपड्यातली एक वस्तू काढली. छोटा स्पीकर.

म्हणाल्या, रागावू नकोस हं पोरा, मी सातवा नियम मोडलाय. रोज पहाटे थोडंसं वाजवते. आणि तो लबाड लगेच उत्तर देतो!

बटण दाबलं. किणकिण, किणकिण, किणकिण. गाय.

वेबसाइटवर मी चढवलेलं मुद्रण. ते मी कधी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. चढवलं तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती.

मी चहा संपवला. केकचा दुसरा तुकडाही खाल्ला, तेही इथे लिहायला हवं. पाच दिवस मी बेरिलबाईंशी शीळ घालत होतो आणि बेरिलबाई माझ्याशी.

उद्या त्यांना सांगणार.

११ ऑगस्ट

सांगायला गेलो होतो. पण त्यांनी आधी क्लेमची गोष्ट काढली. क्लेम म्हणजे त्यांचे दिवंगत पती. पंचवीस वर्षांपूर्वी दोघं याच दलदलीत दहा दिवस बसले, हात हलवत परतले. गाडीत क्लेम म्हणाले होते, बेरिल, पुढच्या खेपेला. पुढची खेप झालीच नाही. आता शेवटची म्हणून एकट्या, सावलीच्या डोळ्यांनी, गाडी चालवत इथवर आल्या. (हे कायद्याने कितपत योग्य, हा प्रश्न मी विचारला नाही.)

अशा क्षणी बोलणं क्रूरपणाचं झालं असतं. क्रूरपणा आणि भित्रेपणा यांत फरक आहे. माझा कोणता, हे ठरवायला एक दिवस घेतो.

लिनेट म्हणाली, दोन मिनिटांचं काम आहे रसेल. दात एकदम उपटायचा. आमच्याकडे लोक ओरडतात, पण बरे होतात.

१२ ऑगस्ट

आज काहीच वाजवलं नाही. साधा हिशोब: उत्तर आलं नाही तर बाईंना आपोआप संशय येईल आणि मला बोलावं लागणार नाही.

साडेसहाला पलीकडून किणकिण आली. मग गाय. मग शांतता. पुन्हा किणकिण. सात वेळा. मी खुर्चीला धरून बसलो होतो. आठव्या वेळी मध्ये बराच वेळ गेला आणि त्यांचा आवाज ऐकू आला, स्वतःशीच बोलत होत्या: गेलास होय रे?

मी वाजवलं.

एकदाच. ही दया होती, खोटेपणा नव्हे. तरी खोटेपणाही थोडा होताच. प्रमाण सांगता येत नाही.

१३ ऑगस्ट, सकाळी नऊ

लिनेट गेली. भांडण नाही. चहा करून दिला, कॅरॅव्हॅन सोडवली, गाडीत बसली. म्हणाली, मी समुद्रावर चालले. उरलेले अकरा दिवस माझे आहेत. तू पक्षी झालास याचं मला वाईट वाटत नाही, पण मी काही अंडी उबवत बसणार नाही.

मी विचारलं, आणि मी? म्हणाली, कुणीतरी ओढून नेईल तुला.

कॅरॅव्हॅन आहे, गाडी नाही. पाणी सहा दिवसांचं. तिच्या मागे उडालेली धूळ खाली बसायला वीस मिनिटं लागली. घड्याळ लावून पाहिलं.

निश्चय: आज दुपारी बेरिलबाईंना सगळं सांगायचं. आता लपवायला कुणी नाही आणि थांबायला कारणही नाही.

१३ ऑगस्ट, दुपारी चार

गेलो. ‘बेरिलबाई, त्या पक्ष्याबद्दल’ इथवर बोललो. त्या म्हणाल्या, तेच सांगणार होते, सॅटेलाइट फोनवरून क्लबला कळवलं. तुझी पुष्टी आहे म्हटल्यावर कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही! नऊ जण निघालेत, चार कॅरॅव्हॅन घेऊन. नेव्ह हॉकिंग सगळ्यांना घेऊन येतोय, परवा पोचतील.

नेव्ह हॉकिंग. त्याच्या रंगीत हनीईटर पक्ष्याची नोंद मी सहा वर्षांपूर्वी नाकारली. चार पानी कारणांसह.

परत आलो. थोडा पडलो.

१४ ऑगस्ट

पळून जाण्याचा विचार केला. मग कॅरॅव्हॅनकडे पाहिलं.

दुसरा विचार: दिवसभर लिग्नममध्ये शोधून खरा पक्षीच काढायचा. पाच तास चाललो. एक पाल, दोन गलाह पोपट, गुडघ्याला जखम. पहाटे मात्र वाजवलं. त्या वाट पाहत होत्या.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ

सगळे आले. नेव्हने मेलेल्या पॉसम प्राण्यासारखा केसाळ मायक्रोफोन आणलाय. बेरिलबाईंनी सातशेचा आकडा काढलेला केक कापला आणि पहिला तुकडा मला भरवला. म्हणाल्या, हा नसता तर मला वाटलं असतं, म्हातारीच्या कानात वाजतंय.

शेकोटीपाशी मी उभा राहिलो. वाक्य पाठ केलं होतं: मित्रहो, ही चूक माझी आहे. मी घसा खाकरला. बेरिलबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मी सांगितलं की टाकीतलं पाणी तसंच पिऊ नका, उकळून घ्या. बसलो. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग नेव्ह शेजारी येऊन बसला. म्हणाला, रसेल, सहा वर्षं तुला शिव्या घातल्या मी. पण तुझं बरोबर होतं. मी त्या पक्ष्याचं पोट पाहिलंच नव्हतं. तो असावा असं वाटलं, म्हणून तो होता. तू मात्र तसा नाहीस. तू आहे म्हणालास, म्हणजे आहे. त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. सोडायचा कधी ते समजेना.

जाताना म्हणाला, परतीला तुझी कॅरॅव्हॅन मी ओढतो, काळजी करू नकोस.

बेरिलबाई झोपायला उठल्या. मी काठी शोधून देताना त्यांनी हळूच विचारलं, पोरा, उद्या एवढे लोक बघून बुजणार नाही ना रे तो?

मी म्हटलं, नाही बुजणार.

उद्या: पहाटे साडेचारला, कुणी उठायच्या आत, स्पीकर घेऊन झुडपात जाऊन बसणे.