बीबीच्या माणसाला सांगितलंत ते

बाबा, लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. चौथी शिकलेल्याचा हात लवकर चालत नाही, आणि आता दोन ओळी लिहिल्या की धाप लागते. दवाखान्यात आहे. फुप्फुसं खराब झाली म्हणतात. एक मुलगी रोज खाटेशी बसून बिडी सोडायला समजावते. याला समुपदेशन म्हणतात. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा तुम्ही वॉर्डात मलमपट्टी करायचात आणि काम संपलं की दमेकऱ्यांजवळ बसून हेच करायचात. तेव्हा त्याला नाव नव्हतं.

तो बीबी गावचा माणूस आठवतो? माझ्याच वयाचा. मी डबा घेऊन दाराशी उभा आहे, आणि तुम्ही आईने भाजलेले फुटाणे त्याच्या हातावर ठेवताय.

"सोड म्हनतच नाई मी. आत्ताची नको पेऊ. चहा झाल्यावर पाहू."

"तुमाले बोलाले काय जाते? तुमी कधी पेली!"

"पेली ना बे, तुह्यापेक्षा जास्त. पोरगं झालं, मांडीवर घेतलं, तं माह्या तोंडाच्या वासानं त्यानं मान फिरोली. त्या दिवशी सोडली."

"मंग माह्या पोराईनं काऊन नाई फिरोली?"

"त्याईलेबी तलफ आली असन!"

दोघं खोकेपर्यंत हसलात. ते मान फिरवणारं पोरगं मी, आणि हे सांगितलंत त्याला. माझ्या खिशात तेव्हा बंडल असायचं, तुम्हाला ठाऊक होतं. घरी येताना तुम्ही अंगणातूनच मोठ्याने खाकरायचात, मला बिडी विझवायला वेळ मिळावा म्हणून. बापासमोर पोराने ओढायची नाही आणि बापाने पाहायचं नाही, ही आपली रीत. दोघांनी पाळली. साऱ्या वॉर्डाला तुमचे शब्द मिळाले, मला नुसतं खाकरणं.

त्याची सुटली. तुम्ही गेलात तेव्हा तो माझ्याहून मोठ्याने रडला, लोक त्यालाच धीर देत होते. परवा मला भेटायला आला, जिना चढून, धाप न लागता. जाताना म्हणाला, "आपले बाबा असते तं तुही कधीच सुटली असती." आपले म्हणाला! मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मुलगी गुणाची आहे. उद्या ती विचारेल, सोडता का. काय सांगू याचा घोर लागला आहे. हे मला तिच्याकडून ऐकायचं नाही. हा कागद उशीखालीच राहणार, पाठवू कुठे? तरी रीत बाजूला ठेवून एकदा मलाही म्हणा. आज सकाळीच एक ओढली आहे, बाबा. लवकर कळवा.