फोटोतला दिवा

आप्पा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. माणूस गेलं की सगळं विसरावं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

भूकंप झाला तेव्हा तुम्ही आजीकडे गावी होता. दगडमातीची भिंत पायावर पडली आणि तुम्हाला लातूरच्या दवाखान्यात आणलं. आत जागा नव्हती, व्हरांड्यात गादी टाकलेली. मी लहान, आईच्या पदराला धरून उभी. एक सिस्टर खाली मांडी घालून बसली आहे, तुमची जखम धुते आहे आणि तुम्ही ओरडला की तुमच्यावरच खेकसते आहे, "सर हाव ना तुम्ही? मंग पोरावानी काय करून राहिले?" पाय वाचला. पुढं घरी कुणीही आलं की तुम्ही धोतर वर करून तो व्रण दाखवायचात आणि म्हणायचात, "डॉक्टर येऊन गेला. सिस्टर ऱ्हायली." ते वाक्य ऐकत मी मोठी झाले. मला वाटायचं, आपल्या घरात यापेक्षा मोठं काम दुसरं नाही.

मग तुमचे क्लास वाढले. पत्र्याच्या शेडमध्ये फिजिक्स शिकायला कुठून कुठून पोरं यायची. बारावीला माझं मेडिकल थोडक्यात हुकलं, तर तुम्ही म्हणालात, "रिपीट कर." मी म्हणाले, मला नर्सिंगच करायचंय. तुम्ही दोन घास तसेच ठेवून उठलात. पण नांदेडला कॉलेजात सोडायला तुम्हीच आलात, ट्रंक स्वतः उचलली, आणि वसतिगृहाच्या फाटकात माझ्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ बांधलं. "नाडी मोजायला लागंल, माय." त्या दिवशी मी किती खूश होते, काय सांगू. वाटलं, आप्पांना पटलं.

नर्सिंगच्या शपथविधीला मात्र तुम्ही आला नाहीत, क्लासची परीक्षा होती म्हणे. म्हणून मी फोटो पाठवला. पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी, हातात पेटता दिवा. दिवाळीला घरी येताना लातूरच्या चौकात बस थांबली आणि मी वर बघितलं. तुमच्या क्लासचा भला मोठा फ्लेक्स, मेडिकलला लागलेल्या पोरांचा. त्यात मी. टोपी नाही. दिवा पुसलेला. गळ्यात कुणाचा तरी स्टेथोस्कोप चिकटवलेला. दिवा धरलेला हात मात्र तसाच वर, रिकामा, कुणाला थांबवत असल्यासारखा. शेजारची बाई म्हणाली, "ह्या पोरीचा हात असा काहून हाय?" मी खिडकीकडं तोंड केलं.

घरी विचारलं, तर तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "नर्सिंग मेडिकलच हाय की. लोक इचारतात, सरची पोरगी कुठं लागली? सरचीच लागली न्हाई, तर आपलं लेकरू कोण पाठवील हितं?" आई म्हणाली, "जाऊ दे माय, बोर्डच तर हाय." बोर्डच होता, आप्पा. पण मला कुणी परक्यानं हिणवलं असतं तर मी तुमचाच व्रण दाखवला असता. तुम्हीच केसानं गळा कापलात, मग मी दाखवू काय?

माझं काही अडलं नाही. बरोबरीची एक सैन्याच्या दवाखान्यात लागली, एक आखातात गेली, एक लोह्याकडं गावचं आरोग्य केंद्र एकटी सांभाळते. मी वॉर्डात राबले, पुढं शिकले, आता नर्सिंगच्या पोरींना शिकवते. यातलं काहीच तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. शेवटच्या आजारात तुम्ही माझ्याच वॉर्डात होता. मी तुमची पाठ पुसत होते आणि तुम्ही शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या म्हातारीला सांगत होता, "डॉक्टर हाय माझी पोरगी." ती म्हणाली, "मंग अंग पुसाया सिस्टर न्हाई का?" तुम्ही डोळे मिटून घेतले. मी पाठ पुसून पूर्ण केली, पावडर लावली, कुशीवर वळवलं. मला वाटत होतं, आता तरी बोलाल. झोप लागली नव्हती तुम्हाला. नाडी मोजत होते मी, तुमच्याच घड्याळावर. मला कळत होतं.

हे पत्र पाठवायचं तर कुठं, म्हणून उशीखाली राहील. एक मात्र सांगते. पहिल्या वर्षाच्या पोरी वॉर्डातला वास सहन न होऊन रडतात, घरी जायचं म्हणतात, तेव्हा मी तुमचं वाक्य सांगते, अगदी तुमच्याच बोलीत. डॉक्टर येऊन गेला, सिस्टर ऱ्हायली. पोरी डोळे पुसतात. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, हे म्हणणारे तुमचे कोण होते?"

मी म्हणाले, "पेशंट."