माल तोच, रीत वेगळी

मी, शीला पंजाबराव मुनेश्वर, वय ६४, अविवाहित, रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार घाटंजी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहिते. शरीर पार थकलंय. डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टर म्हणतात.

१. राहतं घर भाचा अंकुर यास.

२. मागची खोली मात्र भट्टी, तराजू व काचसामानासह माझी विद्यार्थिनी सुरभी नानाजी ढोके हिची. तिचं संशोधन अर्धं राहिलंय. अंकुरला तिथे कपाशीवरच्या फवारणीच्या औषधांचं गोदाम करायचंय. नाही म्हणजे नाही, बाबा.

३. फळीवर दोन बाटल्या आहेत. अंकुर विचारतो, "आत्या, दोन्हीत माल तोच हाय, मंग दोन कायले?" आमचे विभागप्रमुख वामनराव यांनीही भर सभेत हसत हेच विचारलं आणि माझा शोधनिबंध परत केला. माल तोच आहे. दोन्हीत अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांवर सारखंच कॉपर ऑक्साइड. एकीतले दाणे तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात भिजवून सावकाश वाळवले, मग भाजले. दुसरीतले घाईने वाळवले. तांबं सगळं वर आलं, भाजताना त्याच्या गुठळ्या झाल्या. पहिल्या बाटलीतले दाणे धुरातला विषारी वायू संपवतात, दुसरीतले ढिम्म. पहिली सुरभीला द्यावी. दुसरी वामनरावांना, माझ्या नमस्कारासह.

४. सुरभीचे वडील नानाजी मारेगावहून येऊन गेले. म्हणाले, "मॅडम, यंदाबी कापसात काही राह्यलं नाही. पोरीचं लगन उरकून टाकतो." नानाजी, तुमची ओढाताण दिसते, जीव तुटतो माझा. पण हात जोडते, या पोरीची घाई करू नका. तिला पुरं होऊ द्या.

५. आत्ता भट्टी चालू आहे. सुरभीचा शेवटचा नमुना आत आहे, ती तिथेच बसून आहे. भट्टीचा ताप हळूहळूच उतरायला हवा. मध्ये दार उघडलं की वर्षाची मेहनत वाया. आणि माझं काही झालं तर ही वेडी सगळं टाकून धावत येईल. म्हणून हे कलम तिला वाचून दाखवू नये. अंकुर, भट्टी चालू असताना मी गेले, तर ती थंड झाल्यावरच सुरभीला सांग. तोवर मला नेऊ नका. मला आता कसलीच घाई नाही.

सही: शीला मुनेश्वर
साक्षीदार: डॉ. देवीलाल राठोड, इंदुताई गौरकार, शेजारीण
घाटंजी, १४ डिसेंबर २००६