कारणाचा रकाना

प्रिय धाकटे,

वकीलबाई जे सांगतील ते आधी कर. चिंगीला शाळेतून घेऊन तुम्ही दोघी त्यांच्या गाडीत बसलात की मगच हे वाच. त्यांना निघायला अर्धा तास आहे आणि मी त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. काय करायचं ते त्या सांगतील. का, ते मात्र मीच सांगायला हवं. फोन केला नाही, कारण ऑफिसने हजेरीचं ॲप आमच्या फोनवरही टाकायला लावलंय. ते काय ऐकतं, मला ठाऊक नाही. कदाचित काहीच ऐकत नसेल.

चिंगी अजून झोपेत दचकते का? तू तिला घेऊन घरातून निघालीस त्याला उद्या दोन महिने होतील. तुझा नवरा आईकडे तीनदा येऊन आरडाओरडा करून गेला. माझ्याकडे फिरकला नाही, याचं मला कालपर्यंत बरंच वाटत होतं.

ऑफिसात विम्याचे दावे तपासायचं माझं काम तेच आहे. पण आता दर पाच मिनिटांनी आमच्या संगणकाच्या पडद्याचा फोटो निघतो. शेजारच्या टायपिस्टबाईंनी या पाळतीचं नाव सासूबाई ठेवलंय. कुणी बातम्या उघडल्या की त्या कुजबुजतात, “अगं, पदर सावर, सासूबाई बघतायत!” आम्ही हसतो, पण नजर पडद्यावरून न काढता. सुट्टीत डायरी काढली तरी आता माझी मान आपोआप मागे वळते. कागदाच्या वहीला कोण बघणार? तरी वळते.

महिनाअखेरीला प्रत्येकाला यादी येते. कामाखेरीज किती मिनिटं गेली, आणि त्यापुढे कारणाचा रकाना. सगळे काहीतरी ठोकून देतात. टायपिस्टबाईंनी ‘माउस अडकला’ लिहिलं. माझ्यापुढे अकरा मिनिटं होती. तू शाळा बघायला सांगितली होतीस, ती जेवणाच्या सुट्टीत पाहिली होती. म्हणजे वेळ माझा, पण संगणक त्यांचा. बराच वेळ घुटमळले आणि लिहिलं, ‘भाचीसाठी शाळा पाहत होते.’ तू मला ओळखतेस. लहानपणी बरणी फुटली की आईने विचारायच्या आधीच मी कबूल करायचे, आणि तुझंही नाव सांगून मोकळी व्हायचे.

काल साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. “खरं कारण लिहिणाऱ्या तुम्ही एकट्याच!” मला चक्क आनंद झाला. मग ते सहज म्हणाले, की कारणं फोटोंशी ताडून पाहायला यादी वरच्या मजल्यावर गेली होती. वरच्या मजल्यावर, संगणक विभागात, तुझा दीर बसतो. तो तिथे आहे हे मला माहीत होतं. फोटो त्याच्यासमोर जातात हे माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं. फोटोत शाळेच्या नावाखाली, तू आता राहतेस त्या गावाचं नाव ठळक अक्षरांत आहे. रात्रभर मी स्वतःला समजावलं, शेकडो फोटोंत हा एक, त्याच्या लक्षात कशाला येईल?

आज सकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. तो दाराकडे बघत म्हणाला, “ताई, शाळा छान आहे हो. मैदानही मोठं दिसतंय.”

“कुठली शाळा?” मी विचारलं.

“असं काय करता? अकरा मिनिटं बघत होतात की! दादालाही दाखवली मी. त्याला फार आवडली.”

माझा मजला आला तरी मला उतरता आलं नाही. तो वर उतरल्यावर मी परत खाली आले. बरं वाटत नाही, असं सांगून ऑफिसातून निघाले. ते तरी खरंच होतं.

माफी मागत नाही. मागितली तर तू मलाच धीर देत बसशील. हे पत्र एका वेगळ्याच कारणासाठी लिहिते आहे, आणि ते लिहायला हात धजत नाहीये. वकीलबाई तुला आता कुठे नेतील, ते मला कळवू नकोस. चिंगीच्या वाढदिवसाला नाही, आईचं काही कमीजास्त झालं तरी नाही. मी रडून विचारलं तरी सांगू नकोस. तुझा पत्ता माहीत असलेली माणसं दोनच होती, वकीलबाई आणि मी. आता एकच राहू दे.

तू असशील तिथे तुझीच,
ताई