निळ्या कपाचे माप

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा (हात थरथरू लागल्यापासून बंद), राहणार याच घरी, दुसरा मजला, आज पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता व कोणाला न घाबरता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी मला त्यांच्या काट्यावर उभे केले, तेव्हा तो काटा आठशे ग्रॅम जास्त दाखवतो असे मी त्यांना सांगितले. त्यांनी दुसऱ्या काट्यावर पडताळा घेतला आणि मग मुकाट्याने दाखल्यावर सही केली.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायला बसलो होतो, पण त्या रविवारी आमच्याकडे इथियोपिया होता. आंबवलेले पीठ पातेल्याबाहेर येऊन ओट्यावरून खाली उतरू लागले, तेव्हा कागद बाजूला ठेवून फडके घ्यावे लागले.

कलम १. घर. तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि गळका नळ असलेली मोरी, असे हे घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. त्यावर कर्ज, गहाण, बोजा काही नाही. माझ्या पश्चात हे संपूर्ण घर माझ्या सूनबाईला मिळावे. सूनबाई म्हणजे माझ्या धाकट्या मुलाची पूर्वीची पत्नी. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने तिला सोडले, दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडला आणि रीतसर फारकत घेतली. सूनबाई माझ्या नातीसह येथेच राहिली, कारण मी आणि माझी पत्नी तिला "राहा" म्हणालो आणि ती "बरं" म्हणाली. याहून मोठे बोलणे त्या वेळी झाले नाही.

गेल्या महिन्यात धाकटा मला फोनवर म्हणाला, "बाबा, कायद्यानं ती आता आपली कोण लागते? तुमच्या मागे घर विकू, तिचं ती बघेल कुठेतरी." मी फोन ठेवून दिला. उत्तर सुचले नाही असे नाही. रागावलो की माझी जीभ जड होते, हे सगळ्या घराला माहीत आहे. लिहिताना मात्र हात जड होत नाही, म्हणून उत्तर कलम ३ मध्ये सविस्तर देतो.

कलम २. रविवार. ही मिळकत नोंदवता येत नाही, पण बाकीची कलमे समजायला ती लागते. माझी दिवंगत पत्नी परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात कपड्यांच्या विभागात कामाला होती. चादरी द्यायला-घ्यायला मुले यायची, घरच्या आठवणीने हिरमुसलेली असायची. ही त्यांना विचारायची, "तुझी आई रविवारी काय करते?" मूल सांगू लागायचे आणि ही चादरींच्या हिशेबवहीच्या मागच्या पानांवर उतरवून घ्यायची. नावे लिहायची नाही, खोल्या लिहायची. "खोली चौदा, हंगेरी. कांदा अर्धा तास परतायचा, घाई केली तर तिची आजी रागावते." "खोली तीस, लेबनॉन. कोथिंबिरीसारखं दिसतं ते वेगळं असतं. सांगताना रडली."

मग रविवारी तो देश आमच्या घरी. थोरली मुलगी चिरायची, धाकटा कुटायचा, पत्नी चुलीपाशी आणि मोजमाप माझ्याकडे. जेवायला बसण्यापूर्वी पत्नी वहीतली खोली वाचून दाखवायची आणि आम्ही सगळे त्या खोलीला "आभार" म्हणायचो. पहिल्या घासाला कोणी तोंड वाकडे करायचे नाही, दुसऱ्याला परवानगी. पोलंडच्या उकडलेल्या करंज्यांसारख्या त्या प्रकाराला धाकट्याने दुसऱ्या घासालाही तोंड वाकडे केले नव्हते. सतरा खाल्ल्या होत्या आणि सोमवारी शाळा बुडवली होती.

एकसष्ट पदार्थ, चौतीस देश, आणि मी गावाबाहेर गेलो असेन तो दुकानदारांचे काटे तपासायला. इतके जग मला बसल्या जागी मिळाले याबद्दल त्या सर्व खोल्यांचा मी ऋणी आहे. ती मुले आता आजी-आजोबा झाली असतील. त्यांना हे कधी कळणार नाही, तरी लिहून ठेवतो.

कलम ३. निळा कप. खोली बावीसमधल्या अमेरिकन मुलाने मक्याच्या पिठाच्या पावाची कृती सांगितली, तेव्हा सगळे माप कपात होते. मी पत्नीला विचारले, "कप म्हणजे कुठला?" ती म्हणाली, "अहो, कप म्हणजे कप," आणि माझ्यासमोरच्या चहाच्या निळ्या कपाकडे बोट दाखवले. मी तो धुतला, पाण्याने भरून तीन वेळा तोलला, सरासरी काढली. एकशे साठ ग्रॅम. त्यावरून एक तक्ता केला, पुठ्ठ्यावर चिकटवला, खाली सही केली, धंद्याचा शिक्का मारला आणि ओट्यावरच्या भिंतीला टांगला. चुकीची वस्तू मी अगदी अचूक मोजली होती. जगाचा कप आमच्या कपाच्या दीडपट असतो हे सांगायला घरात कोणी नव्हते.

पीठ आणि दूध कमी, अंडी आणि मीठ पूर्ण. पाव मधोमध खचायचा आणि खारट व्हायचा. पत्नी म्हणायची, "त्या लोकांना मीठ जरा जास्तच लागतं वाटतं." मी म्हणायचो, "समुद्रकाठचे असतील." ब्राझीलही खारट निघाले. अर्धे जग खारट खाते अशी आमच्या कुटुंबाची कित्येक वर्षे पक्की समजूत होती. मुलांनी ती शाळेतही सांगितली असावी.

बावीस वर्षांपूर्वी सूनबाई घरात आली. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरी करते, थेंब मोजण्यात तिचा दिवस जातो. पहिल्या रविवारी तिने तो पाव खाल्ला, तीन पेले पाणी प्यायली आणि म्हणाली, "छान झालाय, बाबा." त्यानंतर मी तक्त्यावरून आकडे सांगायचो आणि कप ती भरायची; महिन्याभरात पाव खचायचा थांबला. ब्राझीलही ताळ्यावर आले. मला वाटले, माझे माप बसले. मी तसे चारचौघांत बोललोही. शेजाऱ्यांना बोलावून खाऊ घातले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून मापाचे महत्त्व समजावले. सूनबाई तेव्हा मागे उभी राहून वाढत होती.

सहा वर्षांपूर्वी ती चार दिवस नातीच्या शाळेच्या कामासाठी बाहेर गेली. पत्नीला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. मी एकटा होतो आणि रविवार होता. तक्त्याप्रमाणे, निळ्या कपाने, मी पाव केला. तो मधोमध खचला आणि इतका खारट झाला की पाणी पिऊन पोट भरले. मी पुन्हा केला. पुन्हा तेच.

मग पीठ संपले म्हणून मोठा डबा उपडा केला, तर तळातून एक स्टीलचा पेला निघाला. आतल्या बाजूला सुईने ओढलेल्या पाच रेघा आणि प्रत्येकीशेजारी वहीतल्या खोलीचा आकडा. मी पाचही रेघा पाण्याने भरून तोलल्या. सर्वांत वरची म्हणजे जग ज्याला कप म्हणते तो, दोन ग्रॅमच्या फरकाने. माझ्या धंद्यात एवढी सूट मान्य असते. बाकीच्या चार, मक्याच्या पावाची त्यांतच, तिने एकेक रविवार करून, चव घेऊन शोधून काढल्या होत्या. सोळा वर्षे ती माझ्यादेखत निळा कप भरून परातीत ओतायची आणि माझी पाठ वळली की पेल्याने ते माप दुरुस्त करायची. मला ताकास तूर लागू दिली नाही.

मी वही काढून मक्याच्या पावाचे पान बघितले. समासात माझ्या पत्नीच्या अक्षरात बारीक लिहिले होते: "सून आली. पाव खचला नाही. ह्यांना सांगायचं नाही."

त्या दिवशी मी ओट्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो. आधी लाज वाटली, मग हसू आले, मग पत्नीची फार आठवण आली. शेवटी पेला पुसून होता तसा डब्याच्या तळाशी ठेवला आणि वर नवे पीठ ओतले. सूनबाई परत आली तेव्हा म्हणाली, "बाबा, रविवारी काय केलंत?" मी म्हणालो, "काही नाही, भूकच नव्हती." गेली सहा वर्षे मीही तिला कळू दिलेले नाही. ती पीठ मोजायला घेते तेव्हा मी मुद्दाम खिडकीपाशी जाऊन उभा राहतो आणि तिला पुरेसा वेळ देतो.

नवऱ्याने सोडल्यावरही एकाही रविवारी तिने हे चुकवले नाही. त्या महिन्यात तिला माझ्यावर, या घरावर, आमच्या आडनावावर राग काढायचा पूर्ण अधिकार होता. एकदा खारट पाव वाढला असता तरी मला कळले असते. तिने वाढला नाही. ती माझी कोण लागते, हे धाकट्याने यावरून ठरवावे. मी ठरवले आहे आणि ते कलम १ मध्ये लिहिले आहे. सूनबाई, तुला तोंडाने सांगायला हवे होते. जमले नाही. तुझे माझ्यावर फार उपकार आहेत.

कलम ४. हत्यारे. लहान-मोठे काटे, वजनांचे दोन संच, चिमटे, कानस आणि भिंग हे सर्व थोरलीला द्यावे. लहानपणी तीच माझ्या दुकानात येऊन वजने पुसायची. घराच्या बाबतीत तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला विचारताय कशाला, लिहा ना." या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. बँकेतील ठेवीचे थोरली, धाकटा आणि नात असे तीन सारखे वाटे करावेत. त्यात मला काही सुचवायचे नाही.

कलम ५. झाकण. मोरोक्कोसाठी घेतलेले आमचे मातीचे भांडे मेव्हण्याने नेले आणि झाकणाशिवाय परत केले. त्या भांड्यात जे काय आहे ते झाकणातच आहे, शंकूसारखे उंच असते. याला अठरा वर्षे झाली. झाकण फुटले म्हणतो, तुकडे दाखवत नाही. ते भांडे मी त्यालाच देत आहे. आता त्याच्याकडे पूर्ण संच होईल आणि माझा राग इथे संपला असे समजावे.

कलम ६. वही. चादरींच्या हिशेबाची ती वही नातीला द्यावी. हिला आम्ही चिमणी म्हणतो, कारण ती ताटातले टिपून टिपून खाते. तिच्या कॉलेजात लांबून आलेल्या मुली आहेत, त्यांच्या आया रविवारी काय करतात ते तिने विचारावे. मागे बारा पाने कोरी आहेत.

कलम ७. सही करण्यापूर्वीची भर. वरील मजकूर लिहून झाल्यावर, माझ्या पाठीमागे कोणाला धक्का बसू नये म्हणून, मी काल दुपारी धाकट्याला फोन केला आणि कलम १ वाचून दाखवले. त्यावर त्याने भलतेच विचारले.

"बाबा, तो तक्ता अजून भिंतीवर आहे?"

"आहे. का?"

"घर सोडताना मी तो कागदावर लिहून घेतला होता. इथे करतो कधीकधी रविवारी. मक्याचा पाव. दर वेळी मधे खचतो आणि खारट होतो. घरी तर कसा व्हायचा. वाटलं, इथलं पीठच बरं नसेल."

मी त्याला कलम ३ वाचून दाखवले, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. समासातले त्याच्या आईचे वाक्य दोनदा वाचले.

"घराचं तुम्ही लिहिलंय तसंच राहू द्या," तो म्हणाला. मग, "पावाची रेघ कितीची आहे, तेवढं सांगता?"

"ते माझं माप नाही, मी कसं सांगू? तिला विचार."

"ती सांगेल?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो, आणि ते खरेच होते.

म्हणून पुढीलप्रमाणे ठरवतो. भिंतीवरील तक्त्यावरची माझी सही आणि शिक्का आजपासून रद्द समजावा. चुकीच्या मापावर मी आयुष्यात केलेली ती एकमेव सही आहे. या घरात यापुढे कप म्हणजे सूनबाईच्या पेल्यातली रेघ. ते माप मी स्वतः तपासले असून ते बरोबर आहे. निळा कप सूनबाईला चहासाठी द्यावा, चहासाठी तो उत्तम आहे.

पेल्यातील रेघांचे आकडे मला तोंडपाठ आहेत, तरी ते या कागदावर मुद्दाम लिहिलेले नाहीत. धाकट्याला हवे असल्यास त्याने तिला विचारावे. सांगणे न सांगणे तिच्या मर्जीवर आहे. पेला तिचा, रेघा तिच्या, आणि जे माझे नाही ते मला मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करत आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: १७ फेब्रुवारी, रविवार, सकाळी साडेदहा

सही: मृत्युपत्र करणारा (हात थरथरला आहे, सही माझीच आहे)

साक्षीदार १: डॉक्टर, खालच्या मजल्यावरील दवाखाना. काटा दुरुस्त करून घेतला आहे.
साक्षीदार २: किराणा दुकानदार, समोरची बाजू. सही करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. आत पीठ मोजणे चालू होते, तेव्हा ते मला घेऊन खिडकीपाशी उभे होते.