शनिवारचे सहा ते सात

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
आरोग्य केंद्रात उजव्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. डॉक्टर अगदी पोरगेलासा, पण गप्प होता, चालेल. नर्स मात्र चहापेक्षा किटली गरम. पट्टी लावता लावता म्हणाली, दोन दिवस सॉनात वाफ घ्यायची नाही, सुईच्या भोकातून जंतू आत जातील. मी म्हटलं, बाई, माझी आजी सॉनातच जन्मली, तेव्हा बाळंतपणं तिथेच व्हायची, तिथल्या बसायच्या फळीइतकी स्वच्छ जागा तुमच्या अख्ख्या दवाखान्यात नाही. म्हणाली, तुमच्या आजीला इंजेक्शन दिलं नव्हतं.
उद्धट.

शनिवार, ७ ऑक्टोबर, दुपारी ४
इमारतीच्या तळघरातला सॉना शनिवारी सहा ते सात आमचा. एकोणीस वर्षं. एक शनिवार रिकामा गेला की तास प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला मिळतो. पुढचा म्हणजे खालच्या मजल्यावरचा पेंटिकायनेन. अकरा वर्षं टपून बसलाय. जिन्यात भेटला की आधी माझ्या गुडघ्याकडे बघतो.
बायको इर्मा म्हणते, तू घरी बस, मी एकटी जाते, तास जाणार नाही. इर्माला वाफेसाठी तापल्या दगडांवर पाणी किती टाकायचं ते तरी कळतं का?
ठराव : फक्त पाच मिनिटं. खालची फळी. पट्टीवर प्लास्टिकची पिशवी.

संध्याकाळी ७.२०
पंचावन्न मिनिटं. वरची फळी. पिशवी वितळायला लागली म्हणून काढली, पट्टी आपोआप निघाली. गुडघ्यावर रिवाजाप्रमाणे बर्चच्या डहाळ्यांचे चार फटके मारले. एकदम हलकं वाटतंय. त्या नर्सविरुद्ध लेखी तक्रार करणार.

सोमवार, ९ ऑक्टोबर
गुडघा सुजलाय. म्हणजे औषध काम करतंय. इर्मा म्हणते, लाल झालाय. तिला म्हटलं, चष्मा बदल.

मंगळवार, १० ऑक्टोबर
ताप ३८.६. सुई बोथट असणार. आमच्याकडे म्हणतात, सॉना, दारू आणि डांबर यांनी जो बरा होत नाही तो रोग माणसाला घेऊनच जातो. पहिले दोन उपाय झालेत. पाइनच्या डांबराचं मलम लावलं.

बुधवार, ११ ऑक्टोबर
पाय टेकवेना. इर्माने मला न विचारता अँब्युलन्स बोलावली. जिन्यात पेंटिकायनेनने दार धरलं. वर पुन्हा, लवकर बरे व्हा, म्हणाला. ढोंगी.

गुरुवार, १२ ऑक्टोबर, इस्पितळ
गुडघ्यात पू. भूल देऊन सांधा धुतला. सर्जनबाईंनी विचारलं, इंजेक्शननंतर सॉनात गेला होतात का? मी म्हटलं, छे. इर्मा म्हणाली, पंचावन्न मिनिटं.
आणखी दोन दिवस घरी राहिलो असतो तर सांधा कायमचा गेला असता म्हणे. घाबरलो. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.
शिरेतून प्रतिजैविक, दिवसातून चार वेळा. सॉनाचं नाव ख्रिसमसनंतर काढायचं, म्हणाल्या.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर
सलाइन लावलेला हात सुजला. सुई आता दुसऱ्या हातात. यांना एक शीर धड सांभाळता येत नाही आणि मला स्वच्छता शिकवतात.
ठराव : उद्या टॅक्सीने घरी. कुबड्या घेऊन, कपड्यांनिशी सहा ते सात खालच्या फळीवर बसायचं. हजेरी लागली की परत.

शनिवार, १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०
पँट इर्मा धुवायला घेऊन गेलीय. तसाच लिफ्टपर्यंत पोचलो. तिथून वॉर्डातल्या नर्सने शाळकरी पोरासारखं परत आणलं. नाइलाजाने इर्माला फोन केला. म्हटलं, जा, नुसती बसून ये, पाणी टाकू नकोस.

रविवार, १५ ऑक्टोबर
इर्मा आली. तास वाचला. कसं झालं विचारलं तर म्हणाली, पाणी मनासारखं टाकलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तासभर कोणी शिकवलं नाही. सॉनात इतकं शांत असतं हे विसरूनच गेले होते.
मग सफरचंद सोलत म्हणाली, सकाळी इमारतीच्या मॅनेजरच्या घरी जाऊन शनिवारचा तास माझ्या एकटीच्या नावावर करून घेतला.
मी विचारलं, आणि मी?
म्हणाली, तुझं नाव यादीत घातलंय. पेंटिकायनेनच्या खाली.