गंगूच्या अंगावरची शाल

ती. आईस,

प्रणालीचा वाकून नमस्कार.

मी सुखरूप आहे. खोलीत पाणी येतं, डबाही बरा असतो. अण्णांचा खोकला कमी झाला का?

आमच्या वाचनालयाची फिरती गाडी उलवे, करंजाड्यापासून कर्नाळ्याखालच्या वाड्यांपर्यंत पुस्तकं घेऊन जाते. वीटभट्टीवर राबणारी गंगू त्या गाडीवरच वाचायला शिकली. परवा वर्धापनदिनाला पनवेलच्या मुख्य वाचनालयात तिचा सत्कार झाला. पाहुण्यांनी तिला शाल पांघरली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

पाहुणे गेल्यावर तिनं आमच्या सचिवांना विचारलं, "साहेब, आता मला हितलं पुस्तक घरी न्यायला भेटंल का?"

ते हसले. "घर कुठंय तुला? सभासद व्हायला पक्का पत्ता लागतो. तुला गाडीवरची फाटकी पुस्तकं आहेत की."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती शाल काढून घे. उद्या करंजाड्याच्या सत्काराला लागेल."

ऐकलंच नाही असं दाखवावंसं वाटलं. पण मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे तेच ठरवणार आहेत. मी हात पुढे केला.

"घ्या ताई, नायतर तुमाला वरडतील," म्हणत गंगूनं स्वतःच शाल काढली आणि नीट घडी घालून दिली. "फोटोत तरी ऱ्हाईल ना?"

मी हो म्हणाले.

आई, प्रणाली आता बहुतेक कायम होणार, एवढंच अण्णांना वाचून दाखव. मधलं सोडून दे.

तुझी,
प्रणाली